जाड की पातळ

नव्या गाडीचं सोपं असतं. तिच्या पुस्तकात जे ऑइल लिहिलंय ते घालायचं, विषय संपला. पण गाडी दोन-तीन मालकांच्या हाताखालून गेली, की ते पुस्तक म्हणजे लग्नातला फोटो. तेव्हा माणूस तसा होता, आता नाही. हे मी कितीदा सांगते गिऱ्हाइकांना, तरी ते पुस्तक उघडून माझ्या नाकासमोर धरतात.

आमच्या गॅरेजात जुन्या गाडीचं ऑइल कानानं ठरतं. म्हणजे सासऱ्यांच्या कानानं. मी त्यांना बाबा म्हणते. गाडी चालू करायची, बाबांनी हातभर लांबीचा स्क्रू ड्रायव्हर घ्यायचा, टोक इंजिनावर टेकवायचं आणि मूठ कानाशी धरायची. मग इकडून तिकडून जागा बदलत ऐकायचं आणि एकच शब्द बोलायचा. 'जाड' किंवा 'पातळ'. इंजिन आतून झिजलं असेल तर जाड ऑइल लागतं, फटी भरतात, धूर कमी होतो. आत काजळी धरून वाटा बारीक झाल्या असतील तर मात्र जाड ऑइल सकाळी थंड इंजिनात वर चढतच नाही, तिथं पातळच हवं. आणि कधीकधी बाबा दोन्ही शब्द बोलायचे नाहीत, नुसते 'उघडावं लागेल' म्हणायचे. म्हणजे खालचं बेअरिंग गेलंय. अशा इंजिनात जाड ऑइल घातलं तर आवाज चार दिवस दबतो, गाडीवाला खूश होतो, आणि मग एके दिवशी भर रस्त्यात इंजिनाचे तुकडे होतात.

बाबांचा शब्द कधी चुकला नाही. लांबलांबून लोक यायचे, बड्या गॅरेजांनी हात टेकले की शेवटी आमच्याकडे. पूर्वी बाबा डोळे मिटून ऐकायचे. हल्ली उघडे ठेवायचे, आणि मी असेन तिकडे तोंड करून उभे राहायचे. मला वाटायचं, मला शिकवतायत. छाती फुगायची माझी.

शिकले मी, हे खरं आहे. नवरा लांबच्या ट्रकवर, महिना महिना घरी नाही. सासूबाई गेल्या तेव्हा मी नुसती चहा घेऊन खाली उतरायची. मग बॅटरी धरायला थांबायला लागले, मग पाने द्यायला, आणि एक दिवस बाबांचं कंबरडं धरलं तेव्हा मीच गाडीखाली शिरले. आता ब्रेक, क्लच, इंजिनाखालचा ऑइलचा चेंबर काढून साफ करणं, सगळं करते. कानही तयार झाला माझा. बाबा मूठ कानाला लावायच्या आधी मला तीन पावलांवरून कळायचं, ही जाड मागतेय. मग बाबा 'जाड' म्हणायचे आणि मी मनात म्हणायची, बघा.

पण गिऱ्हाईक आत आलं की पहिला प्रश्न एकच. 'बाबा आहेत का?' मी समोर उभी, हात कोपरापर्यंत काळे, आणि मी जणू तिथलं स्टूल. नाकावर राग आहेच माझ्या, त्यात हे रोजचं.

त्यात आमचा बोर्ड गंजला होता. पेंटर येऊन बघून गेला, म्हणाला पत्रा घासून नवीन करून देतो. तेव्हा माझ्या डोक्यात आलं की बोर्डावर बाबांच्या नावाखाली आपलंही नाव का नको? मागायचं कसं, यावर बरेच दिवस घोकंपट्टी केली. शेवटी एका संध्याकाळी बाबा मागच्या नळावर हात धूत होते, तेव्हा मी त्यांच्या मागं जाऊन उभी राहिले आणि एका दमात बोलून टाकलं.

"बाबा, नवीन बोर्डावर माझं नाव घातलं तर चालेल का तुम्हाला? निम्मं काम मीच करते आता."

बाबांनी साबण नीट जागेवर ठेवला. नळ बंद केला, हात झटकले, फडक्याला पुसले. आणि माझ्याकडे न बघता बाजूनं निघून जिना चढून वर गेले. हो नाही, नाही नाही. एक शब्द नाही.

नाही म्हणाले असते तर मी भांडले असते, भांडून मोकळी झाले असते. पण उत्तर द्यायच्याही लायकीची समजू नये माणसानं? आणि हे काही पहिल्यांदा नव्हतं. जेवायला हाक मारावी तर उत्तर नाही, पाठीमागून काही विचारावं तर ऐकून न ऐकल्यासारखं. मी नवऱ्याला फोनवर सांगितलंही होतं, की तुझ्या बापाला माज आहे, सून म्हणजे पायपुसणं वाटतं त्यांना. तो बिचारा 'असं नसेल गं' म्हणाला, तर त्यालाही झाडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ठरवूनच खाली उतरले. बोलायचं नाही. हसायचं नाही. दगड व्हायचं. रागानं तिळपापड झालेला असताना तोंड कोरं ठेवणं किती अवघड असतं ते मला विचारा. माझ्या मनातलं सगळं तोंडावर येतं, पण त्या दिवशी मी इरेला पेटले होते.

तेवढ्यात घड्याळकाकांची गाडी आली. घड्याळकाका म्हणजे चौकातले घड्याळ दुरुस्त करणारे, बाबांचे तरुणपणापासूनचे दोस्त. गाडीही दोघांच्या दोस्तीएवढीच जुनी. लेकीचे दिवस भरत आले होते, तिला आणायला काका-काकूंना लांबचा डोंगररस्ता धरायचा होता.

"आवाज करायला लागलीय जरा," काका म्हणाले. "एवढं ऐकून दे रे. येताना पोर गाडीत असणार, तिच्या जिवाला घोर नको."

बाकावर उकळ्याही बसला होता. उकळ्या टॅक्सी चालवतो. त्याची टॅक्सी चढाला लागली की उकळते म्हणून सगळ्या गावानं त्याला ते नाव दिलंय. गाडीचं काम असो नसो, आमच्याकडे बसून जगाची उठाठेव करणं हे त्याचं मुख्य काम.

काकांनी गाडी चालू केली आणि मी फळीवरचे ऑइलचे डबे पुसता पुसता थांबले. खोल, जड आवाज. पेडल दाबून सोडलं की खालून ठोका. झडपांचं टॅपेट वाजतं ते वरून, बारीक, सुई टोचल्यासारखं, आणि त्यानं गाडी अडत नाही. हे तसं नव्हतं. हे खालचं बेअरिंग होतं, आणि बरंच गेलेलं. ही गाडी डोंगर चढली असती तर तिथंच राहिली असती.

बाबांनी स्क्रू ड्रायव्हर टेकवला, मूठ कानाशी धरली. मी मुद्दाम फळीकडे तोंड करून उभी.

"अगं, जरा इकडं ये," बाबा म्हणाले.

गेले. समोर उभी राहिले, चेहरा म्हणजे कोरी पाटी. बाबांनी जागा बदलली, परत माझ्याकडे बघितलं. आणखी एक जागा, आणि परत बघितलं. एवढा वेळ त्यांना कधी लागला नव्हता. मला आतून बरं वाटत होतं. म्हटलं, बघा बघा, कालचं आठवतंय वाटतं. आज पटवताय का मला?

"बंद कर," बाबा काकांना म्हणाले. "काही नाही, टॅपेट आहे. जाड घालू. पट्टीवर ऑइल कमीच दिसतंय, आत्ता एक लिटर टाकतो, मग आलास की पूर्ण बदलू."

मी ऐकतच राहिले. बाबा चुकले? मला भीती वाटायला हवी होती. काळजी वाटायला हवी होती. खरं सांगते, मला आनंद झाला. म्हटलं, आता बरे सापडलात. आता चार माणसांसमोर कळू दे, या गॅरेजात कान कुणाचा आहे ते. सरळ समोर जाऊन 'बाबा, मला वेगळं वाटतंय' म्हणता आलं असतं. तसं कोण म्हणतंय? मी पाठ फिरवून परत फळीपाशी गेले.

बाबांनी नरसाळं लावलं, डबा वाकडा केला. गाडी बंद, गॅरेजात शांतता. मी फार चिडले की ओरडत नाही, उलट माझा आवाज खाली येतो आणि एकेक शब्द सुटा पडतो. तशी मी बोलले.

"कान फुटलेत की काय यांचे? खालचं बेअरिंग बोंबलतंय आणि हे टॅपेट म्हणतायत. मारतील पोरीला वाटेत. आयुष्यभर नुसता कानाचा टेंभा मिरवला, आता म्हातारपणी तोही विझला."

उकळ्या फिस्सकन हसला. काकांनी मान वर केली. मी वळून उभी राहिले. म्हटलं आता भडकतील, आता डबा आपटतील, आणि मग मी एकेक गोष्ट बाहेर काढते.

बाबा ऑइल ओतत होते. धार एकसारखी पडत होती आणि ते धारेकडे बघत अगदी मायेनं बोलत होते.

"हां. बघ कसं सावकाश उतरतंय. आता गप्प होईल बिचारी."

उकळ्याचं हसू तोंडातच राहिलं.

"अरे," काका मागून म्हणाले.

बाबा ओतत होते.

"अरे, ऐक ना जरा." काका या वेळी मोठ्यानं बोलले. बाबांनी डबा आणखी थोडा वाकडा केला, बुडाशी राहिलेलं निथळू दिलं.

मला कळलं. तिघांनाही एकदमच कळलं. मी तोंडावर हात धरला, पण आता धरून काय उपयोग, शब्द केव्हाच बाहेर पडून सगळ्यांच्या कानात गेले होते. फक्त ज्यांना बोलले त्यांच्या गेले नव्हते.

काकांनी पुढं होऊन बाबांच्या खांद्यावर हात ठेवला. बाबा दचकले, डबा हिंदकळला, ऑइल मडगार्डवर सांडलं. त्यांनी वळून काकांकडे बघितलं, मग उकळ्याकडे.

"काय झालं?"

मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. सकाळपासून जपलेलं माझं दगडाचं तोंड आता कुठलं राहायला? त्यावर होतं नव्हतं ते सगळं आलं असणार, कारण बाबांनी ते वाचलं. मान हलवली. फडकं घेऊन सांडलेलं ऑइल पुसलं, कडा पुसल्या, टोपण घट्ट बसवलं. या कामात त्यांनी इतका वेळ लावला की बघवेना.

"गाडी ठेवून जा," ते काकांना म्हणाले. "मला हिच्याशी बोलायचंय. उद्या सांगतो." आणि जिना चढून वर गेले.

"कानामागून आली अन् तिखट झाली," उकळ्या बाकावरून उठता उठता पुटपुटला. एरवी मी त्याची सात पिढ्यांची हजेरी घेतली असती. त्या दिवशी ऐकून घेतलं. खरंच बोलला होता.

काका मात्र काही लागेलसं बोलले नाहीत. चावी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "मला वाटायचं, माझा कंटाळा आलाय त्याला. मी काहीतरी सांगत बसायचो आणि हा आपला दुसरीकडेच. म्हणून संध्याकाळी यायचं बंद केलं मी." ते हसायला गेले, पण ते त्यांना जमलं नाही. काका गेल्यावर मी शटर अर्धं ओढलं, म्हणजे कुणी आत यायला नको.

हात धुतले आणि वर गेले. बाबा स्वयंपाकघरात टेबलाशी बसले होते. मी त्यांच्या समोर बसले. त्या घरात आल्यापासून त्यांच्या अगदी समोर अशी मी कितीदा बसले असेन? वाढायची ती बाजूनं, बोलायची ती चुलीकडं तोंड करून.

"कधीपासून?" मी विचारलं.

"तुझी सासू होती तेव्हापासून थोडं थोडं. ती सांभाळून घ्यायची. ती गेली आणि मग वाढतच गेलं."

"सांगायचं नाही का बाबा? तुमच्या लेकाला, मला, कुणाला तरी."

"काय सांगू? लोक माझ्या कानासाठी येतात. कान गेला म्हटल्यावर माझ्यात राहिलं काय?" ते टेबलावरचा न दिसणारा कचरा गोळा करत होते. "आणि माझं अडत नव्हतं. तू होतीस ना."

"मी काय केलं?"

"तुझं तोंड. जाड हवं असेल तर तू खालचा ओठ दातात धरतेस. पातळ असेल तर भुवया वर जातात. आणि उघडावं लागणार असेल तर तू गाडीवाल्याकडं बघतच नाहीस, वाईट वाटतं तुला. किती दिवस झाले, मी तेच बघून सांगतोय. स्क्रू ड्रायव्हर आपला दाखवायला." मग जरा थांबून म्हणाले, "आज काहीच दिसेना. मला वाटलं, तुला काळजीचं काही वाटत नाही म्हणजे टॅपेटच असेल."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझ्याच कानानं चाललेलं गॅरेज, आणि मी तो कान बंद करून वर त्यांनाच चुकीचं ठरवायला निघाले होते. काकांची लेक डोंगरात अडकली असती तर ते पाप बाबांच्या नव्हे, माझ्या माथी असतं.

"एवढी कशावर रागावली होतीस?" बाबांनी विचारलं.

"कशावर नाही."

"खोटं. दिसतंय की."

मग सांगावं लागलं. बोर्डाचं सांगितलं. बोलताना मला माझीच किळस येत होती, आत्ता या घडीला हा विषय म्हणजे पडलेल्या माणसाच्या खिशात हात घालण्यासारखं.

बाबांनी कपाळाला आठ्या घातल्या. "हे मला विचारलंस? कधी?"

"काल संध्याकाळी. तुम्ही मागं हात धूत होता."

"नळ चालू होता?"

"हो."

त्यांनी मान डोलावली. "नळ चालू असला की काहीच ऐकू येत नाही," एवढंच म्हणाले.

तेवढ्यात मला आजवरच्या सगळ्या हाका आठवल्या. दारातून मारलेल्या, जिन्यातून मारलेल्या, भांडी घासता घासता मारलेल्या. प्रत्येक हाकेमागं मी एकेक राग साठवून ठेवला होता, आणि त्यातली एकही त्यांच्यापर्यंत पोचली नव्हती. आणि फोनवर मी नवऱ्याला काय काय म्हणाले होते, तेही आठवलं.

"खाली काय म्हणालीस?" बाबांनी एकदम विचारलं.

मी खुर्ची मागं सरकवली.

"सगळे असे उभे होते म्हणजे काहीतरी बोललीस. उकळ्या सांगेलच मला रंगवून. त्याच्याकडून कशाला ऐकायचं? तू सांग."

मी नाही नाही म्हणत होते. ते माझ्या तोंडाकडं बघत बसून राहिले. शेवटी मी सांगितलं. जसंच्या तसं, एक शब्द न गाळता, आणि त्यांना ओठ दिसावेत म्हणून सावकाश. कान फुटलेत की काय. कानाचा टेंभा. तोही विझला. रागात हेच शब्द किती सहज निघाले होते! आता एकेक शब्द ओठावर आणताना जीव जात होता. बाबा शेवटपर्यंत बघत राहिले.

"बरं," ते म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते, पण आवाज नेहमीचाच होता. "खालचं बेअरिंग, हे नक्की का?"

"नक्की."

"मग उद्या उघडू. त्याला म्हणावं, लेकीला आणायला दुसरी गाडी बघ."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघांनी मिळून चेंबर काढला. बेअरिंगच्या आतला मऊ थर पार घासून गेला होता, खालचं तांबं उघडं पडलेलं. बाबांनी ते तुकडे उजेडात धरून बघितले, काकांच्या हातावर ठेवले आणि म्हणाले, "मी चुकलो होतो. हिनं ओळखलं." काकांनी ते खिशात टाकले. मी पाने पुसत बसले. ते आधीच पुसलेले होते.

मग उकळ्या आला. ऑइल बदलायचंय म्हणाला, पण आला होता तमाशा बघायला, हे सांगायला जोशी लागत नाही. आणखी दोन गिऱ्हाइकं बाकावर होती. उकळ्यानं टॅक्सी चालू केली, बॉनेट उघडलं आणि सवयीनं बाबांकडे बघितलं.

बाबांनी स्क्रू ड्रायव्हर उचलला, पण कानाशी नेला नाही. तो माझ्या हातात दिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा मोठ्या आवाजात बोलले. हल्ली त्यांचा आवाज इतका मोठा का झाला होता, ते मला आता कळत होतं.

"मला ऐकू येत नाही. बरेच दिवस झाले. इथून पुढं हिला विचारायचं."

बाकावरच्यांनी एकमेकांकडे बघितलं. उकळ्यानं खोकला काढला. मला हवं होतं ते हेच. भर गॅरेजात, चार माणसांसमोर, बाबांच्या तोंडून. आणि ते मिळत असताना मला कुठंतरी जाऊन तोंड लपवावंसं वाटत होतं, कारण ते मी त्यांच्याकडून मागून घेतलं नव्हतं, ओरबाडून घेतलं होतं.

तरी काम काम असतं. मी टोक टेकवलं, मूठ कानाशी धरली, ऐकलं. थकलेलं इंजिन, पण खालून स्वच्छ. वर थोडी खडखड, आतून झिजलेलं.

"जाड," मी इंजिनाकडं बघत म्हणाले.

बाबा डब्यांच्या फळीपाशी जाऊन उभे होते. त्यांनी हात वर नेला आणि तसेच थांबले. मला वाटलं, त्यांना पटलं नाही.

"जाड, बाबा," मी परत म्हणाले, आणखी खाली मान घालून.

ते माझ्यापाशी चालत आले. सगळे बघत होते.

"मान वर करून सांग गं," बाबा म्हणाले. "अशी खाली घातलीस तर मला कळत नाही."